इंदुताईंना हरवायचं कोणी?

श्रावण लागला की आमच्या वाडीतली माणसं नारळ कानाशी धरून हलवताना दिसू लागतात. एरवी नारळाला इतका मान कोण देतो? तो खवायचा, वाटायचा, आमटीत घालायचा आणि विसरायचा. पण नारळी पौर्णिमा जवळ आली की तोच नारळ पैलवान होतो. त्याला टिचक्या मारतात, नखाने वाजवून बघतात, हातात तोलतात. कालच मालवणच्या बाजारात बँकेतून निवृत्त झालेले एक भारदस्त गृहस्थ डोळे मिटून उभे होते. ध्यान लागलंय असं वाटावं. जवळ गेलो तर कानाशी नारळ. म्हटलं, "काय म्हणता काका?" डोळे न उघडता ते म्हणाले, "गप रव मेल्या, आयकतंय."

मला हे दिवस फार आवडतात. पाऊस आता रागावलेला नसतो, नुसता येऊन जाऊन असतो. ओट्यावर कपडे टाकावेत तर येतो, आत घ्यावेत तर ऊन पडतं आणि आतल्या आत हसतं. समुद्राचं पाणी अजून मातकट, पण त्याचा आवाज बराच खाली उतरलेला. घराघरातून घावण्यांचा वास, तव्यावरचा तो चर्र आवाज. आणि देवळाच्या आवारात मांडव घालताना कोणीतरी माइक तपासतो, "हॅलो, हॅलो", की माझ्या अंगात संचारतं. एरवी मी कुडाळला चष्म्याचं दुकान चालवणारा सरळ माणूस. पण वाडीतल्या बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धेचं निवेदन माझ्याकडे असतं, आणि त्या दिवशी मी चष्मेवाला नसतो, राजाच्या दरबारातला भाट असतो. आई म्हणते, "तुझ्या तोंडाक त्या दिवशी कुलूप घालूक व्हया."

मांडवाचे बांबू दिसले की मला हमखास तो श्रावण आठवतो, इंदुताई आमच्या वाडीत राहायला आल्या होत्या तो.

इंदुताई म्हणजे सिनेमातली इंदुप्रभा. तुमच्यापैकी ज्यांच्या आयांनी तिचे सिनेमे पाहिलेत त्यांना मी काही सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की पडद्यावर इतकं सोसलेली दुसरी बाई झाली नाही. तिला मिळालेले नवरे तरी बघा. एक दारुडा, एक संशयी, एक वकील (तो दोन्ही होता), एक इतका भोळा की आईने सांगितलं म्हणून बायकोला भर पावसात घराबाहेर काढतो आणि मग दाराच्या आत उभा राहून स्वतःच रडतो. एका सिनेमात सुरुवातीच्या पाट्या संपेपर्यंत तिचं लग्न झालं आणि पहिलं गाणं संपेपर्यंत ती विधवा. तिने शिवणयंत्र चालवून किती मुलांना डॉक्टर केलं असेल त्याला गणती नाही. पुढे केस पांढरे करून तिने त्याच डॉक्टरांच्या आईची कामं केली आणि मुलं परदेशी निघून गेल्यावर खिडकीशी उभी राहिली. त्या खिडकीशी आमची अख्खी वाडी तिच्यासोबत उभी होती.

ती आमच्याच वाडीची. जन्माचं नाव येसू. अंगणात पोरांशी नारळ लढवून त्यांना रडवणारी, माडावर चढणारी दांडगट मुलगी. मामाकडे मुंबईला गेली, नाटकात मागे उभं राहायचं काम मिळालं, तिथून सिनेमा. दिग्दर्शकाने तिचे डोळे पाहिले आणि तिचं हसणं कायमचं बंद झालं. हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना इतकी हसली की तिच्या बशीतला चहा सांडला.

आमच्या वाडीत तिचे सिनेमे आले ते भात कापून झाल्यावर, देवळामागच्या मळ्यात. दोन बांबूंना चादर, मागे घरघरणारं यंत्र. आयाबाया पदर आधीच हातात घेऊन बसायच्या. आम्हा पोरांना तो सगळा प्रकार गमतीचा वाटायचा. आता वाटतं, गंमत कसली? आमच्याकडे अर्ध्या घरांतले पुरुष बोटीवर, उरलेले मुंबईला गिरणीत नाहीतर कचेरीत. घरात रडायची सोय नव्हती. सासू बघते, पोरं घाबरतात, आणि चूल तर पेटवायची असतेच. मग वर्षातून एकदा त्या चादरीसमोर बसून इंदुप्रभाच्या नावाने जे काही असेल ते सगळं मोकळं करायचं. घरी परतताना बायका हलक्या होऊन चालायच्या, थट्टा करायच्या. आपलं रडणं त्यांनी तिच्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि ती मुंबईत बसून ते सांभाळत होती, स्वतःच्या नकळत.

माझी आई त्यातली सगळ्यात पुढची. ती देवगडहून लग्न होऊन इथे आली तोवर येसू वाडी सोडून गेलेली होती, त्यामुळे दोघींची कधी गाठ पडली नव्हती. पण एका सिनेमात इंदुप्रभाला क्षय झाला तेव्हा आईने सोमवार धरले. बाबा बोटीवरून आल्यावर त्यांनी विचारलं, उपास कोणासाठी? आई म्हणाली, "एक बाईलमाणूस आजारी आसा." पुढच्या वर्षीच्या सिनेमात इंदुप्रभा टुणटुणीत दिसल्यावर आईने सोमवार सोडले. आजही दुपारी टीव्हीवर तिचा एखादा जुना सिनेमा लागला की वाडीतले मिक्सर एकदम बंद होतात.

तर अशी ही इंदुताई सत्तरी ओलांडून वाडीत आली. लग्न केलेलं नव्हतं, मुंबईच्या घराला कुलूप लावलं होतं, आणि भावाचं बंद घर उघडून, कौलं चाळून घेऊन त्यात राहू लागली. गोरी, ठेंगणी, आवाज खणखणीत. पायात रबरी चपला, हातात विळा. तिला वाटलं होतं, आपण माहेरी आलोय. वाडीला वाटलं, बिचारी शेवटी सुटली.

पहिल्याच दिवशी बायका रांगेने आल्या. कोणी नारळाच्या रसातले शिरवाळे आणले, कोणी तांदळाची भाकरी. आणि प्रत्येकीच्या हातात पदर.

"किती सोसलात गे बाय तुमी!"

"अहो, मी काही सोसलं नाही. ते काम होतं माझं."

"त्या मेल्यान तुमका पावसात घराभायर काढल्यान, त्या रात्री मी जेवलंय नाय."

"अहो, तो नट फार सज्जन होता. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासाठी केळी आणायचा."

यावर बायका एकमेकींकडे बघायच्या, आणि एखादी हळूच म्हणायची, "तुमी चांगले आसात म्हणान असा बोलतात."

ती हसली की त्यांना वाटे, दुःख लपवतेय. ती गप्प बसली की त्यांना वाटे, आठवणी येतायत. विहिरीवर तिला कोणी पाणी काढू देईना. भजनाला तिला खुर्ची. वाडीत भांडणं काही कमी नाहीत, कुंपणावरून, शेणावरून, कोणाची गाय कोणाच्या मिरचीत शिरली त्यावरून. पण इंदुताई दिसल्या की भांडणारी तोंडं गोड व्हायची. एकदा त्यांनी मुद्दाम शेजारच्या मंदाच्या कुंपणातली शेवग्याची फांदी तोडली, भर दिवसा, मंदाच्या देखत. मंदा अंगणवाडीत शिकवते आणि तिच्या तोंडाला पोलीसपाटीलही बिचकतो. मंदाने काय करावं? घरात जाऊन आणखी शेंगा आणून दिल्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी इंदुताई आमच्या ओटीवर आल्या. आई आत खोबरं खवत होती.

"उद्या मी नारळ लढवणार आहे," त्यांनी मला सांगितलं. "नाव लिही. येसू म्हणून लिही."

"वा! मी आजच कुडाळहून नवा शर्ट आणतो."

"ऐक, थट्टा नको." त्या पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा मी पडद्यावर शंभर तऱ्हांनी पाहिलेला, पण हा नव्हता पाहिला. साधा, थोडा कंटाळलेला. "मी आयुष्यभर बिचारी होते, पगार घेऊन. आता फुकट का होऊ? इथे माझ्याशी कोणी भांडत नाही. कोणी मला अडवत नाही, माझ्यावर ओरडत नाही. पाहुणीसारखं किती दिवस राहायचं? उद्या एकजरी बाई माझ्याशी मनापासून लढली तर मी राहीन. उद्याही मला सांभाळून घेतलं, तर परवा मी मुंबईला जाते. तिथे लिफ्टमध्ये तरी लोक धक्का मारतात."

त्या गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आईने खवणीवरून मान वर केली.

"जातली? कित्याक? कोणी दुखयल्यान तिका?"

"कोणी दुखवत नाही, म्हणून."

"ह्या काय तरी उलटाच तुझा."

"आई, उद्या तुझ्याशी गाठ पडली तर खरी लढ. एवढंच."

आता आईबद्दल सांगायला हवं. आई दिसायला काटकुळी, पण मनगट असं की तिने झाकण लावलेली बरणी आमच्या घरात कोणाला उघडत नाही. बायकांची स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून शेवटच्या जोडीत ती नाही असं झालं नाही. नारळाची पक्की बाजू कोणती आणि कच्ची कोणती, हे ती अंगठा फिरवून सांगते. आणि ती मला म्हणाली, "आजपासून नाय, इतकी वर्सा बघलंय मी तिका हरताना. आता माझ्या हातान हरवू? माझो हात झडात रे."

नारळी पौर्णिमेला दुपारी मांडव भरला. ऊन पडलं होतं, जमीन ओली. केसांत अबोली, हातात पिशव्या, पिशव्यांत नारळ. खेळ साधा आहे. एकीने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, मग पाळी बदलायची. जिचा फुटला ती बाद. मी माइकवर, "मालवणच्या मातीत जन्मलेली, मुंबापुरीला रडवून आलेली" वगैरे सुरू केलं, तेव्हा इंदुताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विशेषण गिळलं.

पहिली जोडी, इंदुताई आणि मंदा. मंदा बैलगाडी अडवील अशा अंगाची. तिने नारळ धरला. इंदुताईंनी हाणला. मंदाचा नारळ पहिल्याच घावात दुभंगला, कारण तिने कच्ची बाजू वर केली होती. मला दिसलं, मांडवाला दिसलं, आंधळ्यालाही दिसलं असतं. वर मंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा! हरलंय!"

इंदुताई म्हणाल्या, "मंदा, तू नारळ फुटायच्या आधीच कपाळाला हात नेलास."

"नाय हो ताईनू."

"नेलास. आधी आवाज ऐकायचा, मग दचकायचं, मग खाली बघायचं, मग कुठे दुःख. तुझं दुःख घरूनच तयार होऊन आलं होतं. हरायचंच आहे तर निदान नीट हर!"

मांडव खो खो हसला. मंदासुद्धा. पण हसता हसता पुढच्या बायकांनी त्यातून भलताच धडा घेतला. त्या नीट हरू लागल्या. एकीने तर आवाज ऐकला, दचकली, खाली पाहिलं आणि इतकं सुरेख दुःख केलं की तिच्या नवऱ्याने पाण्याची बाटली आणून दिली. दुसरीच्या हातातून नारळ निसटून दगडावर पडला, आणि ती म्हणाली, "घाम इलो हाताक." एकेक जण हरून इंदुताईंकडे अशी बघायची, जशी लहान मुलाला घास भरवून बघतात. आणि इंदुताई प्रत्येक विजयाबरोबर लहान होत चालल्या होत्या. माझा माइक मला जड झाला. मी नुसती नावं वाचू लागलो.

शेवटच्या जोडीला समोर आई आली.

पदर खोचलेला, पायांत चपला नाहीत. तिने पिशवीत हात घालून नारळ काढला, आणि मी पोटच्या पोरासारखा ओळखला तो. वरचा कोंभाकडचा भाग नरम, घरात आमटीसाठी बाजूला ठेवलेला. तो टिचकीनेही फुटला असता. आईने तो मुठीत धरला आणि नजर जमिनीकडे लावली.

इंदुताईंनी तो नारळ पाहिला. मग आईला पाहिलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्यांनी सिनेमात कधी केली नव्हती. त्यांनी पदर ओढून कमरेला घट्ट खोचला, मान जराशी मागे टाकली, एक भुवई वर नेली, आणि ओठांचा डावा कोपरा खाली आणला. मांडवात गारवा पसरला. समोर इंदुप्रभा नव्हतीच. तिला आयुष्यभर छळणारी सासू उभी होती, सगळ्या सिनेमांतल्या सगळ्या सासवांची मिळून एक. इतकी वर्षं समोर उभं राहून मार खाल्ला होता ना, धडा पाठ असणारच.

"काय सूनबाई," ती सासू म्हणाली. माइकची गरज नव्हती. "हाच का तुझा नारळ? माहेरी निवडायला शिकवलं नाही वाटतं."

आईने चमकून वर पाहिलं.

"देवगडची ना तू? तिथे म्हणे आंबे पिकतात. माणसं पिकत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं."

"ताईनू..." आई म्हणाली.

"परवा तुझ्या हातचं काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं. गाईपुढे ठेवलं. गाय माझ्याकडे बघतच राहिली. आणि तो तुझा मुलगा! तोंडाला माइक बांधून जन्माला आलाय, दुसऱ्या कामाचा नाही."

मी निषेध नोंदवायला तोंड उघडलं, पण माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. सासू एक पाऊल पुढे आली. आवाज खाली आणून, अगदी हळू म्हणाली, "आता काय करशील? रड. रडण्यापलीकडे तुला येतं काय?"

हे वाक्य चादरीवर किती वेळा ऐकलं असेल आमच्या बायकांनी! आणि किती वेळा मुठी आवळल्या असतील मळ्यात बसून, अंधारात, काही करता येत नाही म्हणून. मी आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिथे सांबारं नव्हतं, देवगड नव्हतं, मीही नव्हतो. तिने हातातला नरम नारळ पिशवीत टाकला. आणि पिशवीच्या तळातून दुसरा काढला. काळपट, लहान, गोटीसारखा. तिचा खरा नारळ. मागे बायकांत कोणीतरी हलकेच म्हणालं, "काढल्यान गो, काढल्यान!"

पाळी इंदुताईंची होती. आईने नारळ धरला, पक्की बाजू वर. इंदुताईंनी हाणला, आणि दिसलं, की त्यांनीही काही राखून ठेवलं नाही. ठक्क! आईचा नारळ हलला नाही. आता इंदुताईंनी आपला मुठीत धरला. पक्की बाजू बरोबर वर होती. येसू विसरली नव्हती.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" आई ओरडली, आणि खांद्यापासून हात आणला.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि माझ्यासारख्याने हे कबूल करावं यावरून काय ते समजा. इंदुताईंचा नारळ फुटला नाही, उडाला. पाणी त्यांच्या तोंडावर, केसांवर, पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या चष्म्यावर. करवंटीचा एक तुकडा मांडवाच्या बांबूला लागून खाली पडला.

आईचा हात तसाच हवेत. सगळ्या बायका इंदुताईंच्या चेहऱ्याकडे बघतायत. पाणी गालांवरून ओघळतंय, डोळे मिटलेले. दोघीतिघींचे पदर तोंडाकडे निघालेसुद्धा.

"मी तुमका नाय मारलंय हो," आई रडवेली होऊन म्हणाली. "मी त्या थेरडेक मारलंय!"

इंदुताईंनी डोळे उघडले. ओठावरचं पाणी चाटलं. आणि मुंबईने, दिग्दर्शकांनी आणि इतक्या वर्षांच्या शुद्ध संवादांनी जी भाषा त्यांच्या तोंडातून काढून टाकली असं आम्हाला वाटत होतं, ती एकदम भळभळून बाहेर आली.

"फुटलो! अगो वहिनी, फुटलो माझो नारळ! हरलंय! हरलंय मी!"

दोन्ही हात वर करून त्या मांडवभर नाचल्या. मंदाने पहिली आरोळी ठोकली, मग सगळा मांडव. मी माइकवर काय बोललो ते मला आठवत नाही. कोणी ऐकलंही नसेल. नाचून दमल्यावर इंदुताई खाली बसल्या, धापा टाकत, हसत. जमिनीवर नारळाची एक वाटी पडली होती, पांढरीशुभ्र. तहान लागली असणार, त्यांनी ती उचलायला हात पुढे केला.

आईने खाली वाकून ती वाटी आधीच उचलली. दुसरी उचलली. इकडचे तिकडचे तुकडेसुद्धा वेचले आणि सगळं पिशवीत भरलं.

"अगो, एक तुकडो तरी दी!"

"फुटको नारळ जिंकणारीचो," आई म्हणाली. पिशवीचं तोंड तिने आवळलं आणि ती पाठीमागे नेली. "खोबरा खावचा आसात तर फुडल्या वर्सा बरो नारळ घेवन ये."